हाताला मुंग्या येतात म्हणून लगेच हँडल बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका तरुणाकडं हिरोची एक्सपल्स 200 ही मोटरसायकल आहे. सुट्टीला तो जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत आणि आसपासच्या कच्च्या वाटांनी फिरतो. तासाभरात दोन्ही हातांची बोटं बधिर होतात, गाडी थांबवून मुठी सोडल्या तरी हात थरथरत राहतात. गॅरेजमध्ये त्याला सांगितलं गेलं की ॲल्युमिनियमचं जाड हँडल टाक आणि दोन्ही टोकांना वजनं बसव. हे करावं का, असं तो विचारतो.

करायचंच तर सगळ्यात शेवटी. मी आधी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम केलं आणि आता मातीत फिरणाऱ्या गाड्याच दुरुस्त करतो. हँडलचा थरथराट घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये दोष हँडलात नसतो. हँडल फक्त तो तुमच्या हातापर्यंत पोचवतं. ढिल्या इंजिन बोल्टवर वजनं चढवली तर चार दिवस बरं वाटतं आणि तोवर फ्रेमचं भोक मोठं होत जातं. म्हणून पहिलं काम एकच: ही थरथर कुठून येते हे ओळखायचं. त्याला एक पैसा लागत नाही.

थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलते की इंजिनच्या आरपीएमबरोबर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर), हे आधी बघा. हायवेवर सरळ, मोकळा पट्टा निवडा. धारवाडकडं जाताना असे पट्टे भरपूर आहेत. 60 च्या वेगानं आधी चौथ्या गिअरला आणि मग पाचव्याला चालवा. वेग तोच, आरपीएम वेगळा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाची. तशीच राहिली तर चाकं, टायर, बेअरिंग बघायची. मग त्याच वेगात क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा. इंजिन आयडलवर येतं, गाडी वेगात असते. त्या क्षणी हातातली झिणझिण थांबली तर तुमचं उत्तर मिळालं.

आकड्यांनी बघितलं तर दोन्हींत फार अंतर आहे. इंजिन 5,000 आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला 83 फेरे होतात. ही बारीक, मुंग्या आणणारी झिणझिण. 21 इंची पुढचं चाक 60 च्या वेगाला सेकंदाला जेमतेम 8 फेरे घेतं. रिम वाकडी असेल किंवा आऱ्यांत एका बाजूला चिखल वाळून बसला असेल तर हँडल 8 वेळा हलतं. तो धक्का मोजता येईल इतका संथ असतो, झिणझिण वाटत नाही. तुमचं वर्णन, म्हणजे बोटं बधिर होणं आणि नंतरही हात थरथरणं, हे इंजिनाकडं बोट दाखवतं. तरी परीक्षा करूनच ठरवा.

आता इंजिनाचं. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. त्याचा हिसका आवरायला क्रँकवर उलटं वजन दिलेलं असतं, पण ते वजन सगळा हिसका खाऊ शकत नाही. एका दिशेचा कमी करायला जावं तर आडवा वाढतो. म्हणून बऱ्याच इंजिनांत उलट्या दिशेनं फिरणारा बॅलन्सर शाफ्ट असतो. रॉयल एनफील्डच्या हिमालयन 411 मध्ये तो आहे. त्यानं मुख्य हिसका मरतो. दुप्पट वेगानं येणारा छोटा हिसका, मुख्य हिसक्याच्या साधारण चौथाईइतका, तरीही उरतोच. म्हणजे सिंगल सिलिंडर गाडीत थोडी थरथर असणारच, ती शून्य करायच्या मागं लागू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा हिसका आरपीएमच्या वर्गानं वाढतो. 4,000 वरून 6,000 ला गेलात तर तो दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. हायवेवर शेवटचा गिअर टाकायचा राहून गेला की हात का दुखतात, ते यावरून कळेल.

गाडी नवीन असताना जेवढी थरथर होती त्यापेक्षा आता जास्त असेल तर काहीतरी ढिलं झालंय. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आधी बघा. आपल्या भागातल्या वाटांवर, जांभ्या दगडाच्या उघड्या धारांवरून गाडी आपटत जाते, तिथं हे बोल्ट सैल होणं नवलाचं नाही. इंजिन थंड असताना, गाडी मधल्या स्टँडवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर पक्की उभी करून बोल्ट एकेक तपासा. मी सगळे बोल्ट थोडे थोडे सैल करतो, काढत नाही. इंजिन स्वतःच्या जागी बसू देतो आणि मग टॉर्क पान्यानं (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळतो. अंदाजानं, पान्याला पाइप लावून आवळू नका. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले तर खर्च वेगळाच. बोल्टभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली तर तिथं धातू धातूवर घासतोय, तो बोल्ट काढून भोक बघाच.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणी बघत नाही. बाहेरून घेतलेलं क्रॅश गार्ड किंवा इंजिनाखालची बॅश प्लेट बऱ्याचदा इंजिनाच्याच माउंटिंग बोल्टवर चढवलेली असते. गार्डची भोकं दोन-तीन मिलिमीटर चुकलेली असतात, मग तो ओढून, ताणून बसवतात. तो ताण कायम इंजिनावर आणि फ्रेमवर राहतो आणि गार्डचा पाइप स्वतः गुणगुणायला लागतो. एकदा गार्ड आणि प्लेट काढून त्याच रस्त्यावर गाडी चालवून बघा. पावसाळ्यात प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये लाल चिखल भरतो, वाळून विटेसारखा होतो आणि इंजिनाची थरथर थेट प्लेटीला देतो. तो धुऊन काढला तरी फरक पडतो. सायलेन्सर फ्रेमला कुठं टेकतोय का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

चेनचं थोडक्यात सांगतो. कोरडी, कुठं घट्ट कुठं ढिली अशी चेन आणि हुकासारखे वाकलेले सॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दात यांची खरखर फुटरेस्ट आणि हँडल दोन्हीकडं जाणवते. मागचं चाक हातानं सावकाश फिरवत चेनचा झोल जागोजागी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर सेट बदला, वंगणानं ते सुधारत नाही. झोल किती हवा तो मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याच गाड्यांत स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर असतो. टॅपेट, प्लग आणि एअर फिल्टर हेही वेळेवर झालेले असावेत. मिसफायर करणारं इंजिन जास्तच हादरतं.

थरथर वेगाबरोबर बदलत असेल तर पुढचं चाक उचला. आऱ्यांवर पान्यानं हलकेच टकटक करा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा हवा, एखाद्याचा भद्द आला तर तो ढिला. रिमजवळ बोट धरून चाक फिरवा, वाकडेपणा लगेच दिसतो. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यावर कुठं अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेला. चाक खाली असताना पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढं मागं हलवली आणि टक असा आवाज आला तर तो ढिला. कोनसेट गेलेल्या गाडीवर दुसरं काहीही बसवलं तरी हात दुखतच राहणार. ब्रेक दाबतानाच हँडल धडधडत असेल तर डिस्क तपासा. काही जण मातीसाठी रिम लॉक, म्हणजे टायर रिमवर सरकू न देणारी पकड, बसवतात. त्याचं वजन चाकाच्या एकाच बाजूला येतं, तेव्हा चाकाच्या विरुद्ध बाजूला तेवढंच वजन लावून घ्या, नाहीतर हायवेवर ते कळतंच.

आता कच्च्या रस्त्याची थरथर. ही इंजिनाचीही नाही आणि चाकाचीही नाही, आणि माझ्या मते हातांना सगळ्यात जास्त हीच मारते. ऊस तोडणीच्या दिवसांत संकेश्वर, हुक्केरी, चिकोडीकडच्या पाणंदींवरून भरलेल्या ट्रॉल्या जातात. मग मुरूम टाकलेल्या रस्त्यावर आडव्या वळ्या पडतात. अशा दोन वळ्यांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर धरा आणि तुम्ही 36 किलोमीटर वेगानं जाताय असं धरा. म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 17 धक्के. हाताला बसणारा थरथराट मोजायचं आयएसओ 5349 हे आंतरराष्ट्रीय मानक 8 ते 16 हर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे सेकंदाला साधारण तेवढ्या बसणाऱ्या, धक्क्यांना सगळ्यात जास्त महत्त्व देतं. युरोपात 2002 च्या कायद्यानं कामगारांच्या हातासाठी 8 तासांच्या सरासरीवर दोन पायऱ्या ठरवल्या: थरथराटाचा जोर 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गापुढं गेला की मालकानं उपाय करायचे, आणि 5 ही कमाल मर्यादा. तिथं ड्रिल मशीन आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांच्या हाताची अशी काळजी घेतात. आपल्याकडं मात्र ‘हात दुखतात रे’ म्हटलं की विषय संपतो. उद्यमबागेत कास्टिंगला ग्राइंडर मारणारे हात मी जवळून बघितलेत, म्हणून हे मला हलकं वाटत नाही.

वळ्यांच्या रस्त्यावर हँडलच्या वजनांचा काही उपयोग नाही. तिथं शॉकअप आणि टायर काम करतात. पुढच्या शॉकअपचं तेल चिखलपाण्यात फिरणाऱ्या गाडीत लवकर खराब होतं आणि मग शॉकअप बारीक धक्क्यांना हलतच नाही, दांड्यासारखं राहतं. साध्या एक्सपल्सला पुढचं शॉकअप 190 मिलिमीटर हलायला दिलेलं आहे. प्रवासात पुढच्या शॉकअपच्या पायपाला एक बारीक केबल टाय घट्ट बांधून ठेवा. खडबडीत रस्त्यावर फिरून आल्यावर तो किती सरकला ते बघा. निम्माही सरकला नसेल तर तुमचं शॉकअप काम करत नाही. तेल बदला, डस्ट सीलखालची माती काढा. पुढचं चाक बसवल्यावर ॲक्सलचा शेवटचा बोल्ट आवळण्याआधी ब्रेक धरून हँडल चार-पाचदा दाबा, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतील. चाक काढून लावताना ही पायरी गाळली की शॉकअप आतल्या आत अडकून चालतं.

टायरमधली हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय. डांबरी रस्त्यावर स्टिकरवर लिहिलेला आकडा ठेवा. मातीत उतरताना 18 ते 20 पीएसआयपर्यंत आणली तर टायर स्वतःच बारीक धक्के गिळतो. त्याखाली जाऊ नका. ट्यूबवाला टायर जांभ्याच्या धारेवर दबला की ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि तिला दोन भोकं पडतात, मग कणकुंबीच्या पावसात पंक्चर काढत बसायचं. परत डांबरावर आलात की हवा भरा. छोटा पंप सोबत असलाच पाहिजे.

तुमच्या पकडीबद्दलही बोलायला हवं. थरथर आली की माणूस मूठ आणखी आवळतो. जेवढी मूठ घट्ट तेवढी थरथर मनगटातून कोपरापर्यंत जास्त जाते, आणि थकलेला हात मग अजून घट्ट धरतो. खडबडीत रस्त्यावर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, वजन फुटरेस्टवर द्या, कोपरं थोडी बाहेर. हँडल फक्त वळवायला आहे, लटकायला नाही. तुम्ही उभे राहिल्यावर वाकावं लागत असेल तर हँडल तुम्हाला खुजं पडतंय. त्याला 20–30 मिलिमीटरचे रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसतात, पण केबल आणि ब्रेकची नळी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताणली जात नाही ना ते बघूनच. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील. फक्त उजवा हात बधिर होत असेल तर आधी थ्रॉटलची केबल काढून तेल घाला. जड थ्रॉटल धरून ठेवायला लागणारा जोर हेही बोटं बधिर व्हायचं कारण असतं.

ग्रिपबाबत माझं मत स्पष्ट आहे. मऊ रबराची ग्रिप चांगली, फोमची नको. फोम पावसात पाणी धरतो, आणि जूनपासून पुढं आपल्याकडं, विशेषतः कणकुंबीच्या बाजूला, पाऊस काही थोडा नसतो. ग्रिपवर सायकलची ट्यूब गुंडाळू नका. मूठ जाड झाली की लहान हाताला ती धरायला जास्त जोर लागतो. जाड गादीच्या हातमोज्यांचंही तसंच. थरथररोधक म्हणून विकले जाणारे मोजे उच्च वारंवारतेला थोडे उपयोगी पडतात, वळ्यांच्या धक्क्यांना नाही. चांगला बसणारा, तळहाताला सुरकुती न पडणारा मोजा घ्या.

एवढं सगळं करूनही इंजिनाची झिणझिण उरली तर मग हँडलकडं या. इथं एक गोष्ट समजून घेतली तर पैसे वाया जाणार नाहीत. हँडल ही दोन क्लॅम्पमध्ये धरलेली नळी आहे आणि तिचीही स्वतःची एक थरथरण्याची गती असते. इंजिनाची गती त्या गतीशी जुळली की थरथर एकदम वाढते. शाळेत शिकलेला अनुनाद तो हाच. म्हणून आरपीएम सावकाश चढवत जा आणि टिपून ठेवा. 5,500 ला बोटं झिणझिणली आणि 6,200 ला कमी झाली असं असेल तर हँडल अनुनादात येतंय, आणि वजनांचा खरा उपयोग इथंच आहे. टोकाला वजन घातलं की नळीची स्वतःची गती खाली येते, म्हणजे ती जुळणी खालच्या आरपीएमला सरकते, जिथून तुम्ही पटकन पुढं जाता. पण तुम्ही बहुतेक वेळ 4,500 ला चालवत असाल आणि वजन घालून जुळणी नेमकी तिथंच आणून ठेवली, तर आधीपेक्षा वाईट. म्हणून आकडे टिपल्याशिवाय वजन घालू नका, आणि एकदम जास्त घालू नका.

विकत मिळणाऱ्या वजनांपेक्षा आपल्याकडं सोपा मार्ग आहे. उद्यमबागेत टर्नरला काम दिलं तर हवं तसं वजन करून मिळतं. साध्या स्टीलच्या हँडलचा बाहेरचा व्यास 22.2 मिलिमीटर असतो. आतला व्यास नळीच्या जाडीवर ठरतो, तो व्हर्नियरनं मोजूनच घ्या. समजा आत 15 मिलिमीटर व्यासाचा दांडा जाईल. 10 सेंटिमीटर लांबीचा लोखंडी दांडा 140 ग्रॅमच्या आसपास भरतो, पितळेचा 150, शिशाचा 200. आधी लोखंडाचे दोन करून घ्या, फरक बघा, मग हवं तर लांबी वाढवा. दांड्यावर दोन जागी खाच मारून रबरी रिंगा बसवा, म्हणजे तो नळीत घट्ट बसेल आणि स्वतः वाजणार नाही. ढिलं वजन नसल्यापेक्षा वाईट. बाहेरचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं, पडल्यावर ते मांडीत किंवा पोटात घुसू नये. शिसं वापरलंत तर उघड्या हातानं घासू नका, त्याची भुकटी अंगात जाते.

उजव्या बाजूला फार जपून. तिथं थ्रॉटलची नळी हँडलवर फिरते. वजनाची टोपी आणि ती नळी यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा आणि दोन्हीकडं थ्रॉटल सोडून बघा. तो खटकन आपोआप मागं आलाच पाहिजे. चिखल लागल्यावर पुन्हा एकदा बघा. चोर्ला घाटाच्या उतारावर अडकलेला थ्रॉटल म्हणजे काय, हे कुणाला अनुभवायला लागू नये. पूर्ण गोलाकार हँडगार्ड बसवणार असाल तर त्याचंही वजन टोकालाच येतं. आधी गार्ड बसवा, मग पुन्हा आकडे टिपा, कदाचित वेगळं वजन लागणारच नाही.

ॲल्युमिनियमचं जाड हँडल, क्लॅम्पपाशी 28.6 मिलिमीटरचं, हे चांगलं आहे. पडल्यावर सहज वाकत नाही, आणि मधल्या आडव्या दांड्याशिवाय ते थोडं लवचिकही असतं. पण त्याला वेगळे क्लॅम्प लागतात आणि ते हलकं असल्यानं कधी कधी झिणझिण वाढतेही. फक्त थरथरीसाठी मी कुणाला ते घ्यायला सांगत नाही. काही गाड्यांत हँडलच्या क्लॅम्पखाली रबरी बुश असतात. ते फुटले असतील तर नवीन जोडी बसवा. पुढचं सॉकेट एका दातानं मोठं करण्याचा सल्लाही मिळेल. 13 चं 14 केलं की 6,000 आरपीएमचं 5,570 होतं, हायवेवर आराम वाटतो. पण ओढ्यातून वर चढताना पहिला गिअर लांब पडतो आणि क्लच जळतो. तुमची गाडी बहुतेक वेळ मातीत असेल तर नको.

हँडलवर मोबाइल लावत असाल तर त्याचाही विचार करा. मोटरसायकलच्या तीव्र थरथरीनं कॅमेऱ्याच्या स्थिरीकरण यंत्रणेला इजा होऊ शकते, असा इशारा ॲपलनं 2021 मध्ये दिला होता. फोन खिशात ठेवा किंवा थरथर शोषणारा माउंट घ्या.

शेवटी हातांबद्दल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबतेय, म्हणजे तळव्याचा तो भाग ग्रिपवर टेकतोय. लिव्हर आणि हँडलचा कोन बदला. अंगठा आणि पहिली दोन-तीन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली मधली नस, म्हणजे मनगट वाकलेलं राहतंय. प्रवास संपल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होत असेल तर वर सांगितलेलं करून बघा. मुंग्या दुसऱ्या दिवशीपर्यंत राहत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकत असतील, किंवा थंडीत बोटांची टोकं पांढरी पडत असतील, तर गाडी बाजूला ठेवा आणि हाडांच्या किंवा मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडं जा. ते गरज वाटल्यास नसांची तपासणी करतील. त्यांना स्पष्ट सांगा की तुम्ही किती तास आणि कसल्या रस्त्यावर गाडी चालवता. हे नाही सांगितलं तर ते कारण वेगळीकडं शोधत बसतील.